बाईंची प्रार्थना

संध्याकाळच्या प्रार्थनेचा भोंगा वाजला तशी सासूबाईंनी चष्मा लावला आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पुढ्यात ओढलं.

"आई, निरीक्षक आपल्याच जिन्यात आहेत," सून म्हणाली. या घरात ती नवीनच होती. "नुसते हात जोडून बसा. मनात काही म्हणू नका."

"जो आहे असं मला वाटतच नाही, त्याच्यापुढे हात जोडायचे? ते काही मला जमायचं नाही."

नव्या सरकारने प्रार्थना सक्तीची केल्यापासून रोज हेच चाललं होतं. समोरच्या बिऱ्हाडातले प्राध्यापक प्रार्थनेच्या वेळी चहा पीत बसलेले सापडले. त्यांना गाडीत घालून नेलं, ते अजून परतले नव्हते. सासरे पक्के देवभक्त. प्रार्थना झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत. निदान त्यांनी तरी बायकोला चार शब्द सुनवावेत, असं सुनेला वाटत होतं. ते मात्र शांतपणे उठले आणि दारात जाऊन उभे राहिले.

निरीक्षक तरुण होता, पण कपाळावर म्हाताऱ्यासारख्या आठ्या. "तुमच्याकडच्या बाई प्रार्थना करत नाहीत, अशी तक्रार आहे."

"जरा हळू बोला," सासरे कुजबुजले. "आत प्रार्थनेला बसलीये. तिची तंद्री मोडायला नको."

निरीक्षकाने मान लांब करून आत डोकावलं. बाई पाठमोऱ्या, मान खाली घालून बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांचा कळवळलेला आवाज आला, "कुठे लपून बसलायस रे? सगळं जुळत आलं, तू तेवढा सापडत नाहीस."

निरीक्षकाने डोक्यावरची टोपी काढली. आठ्या कुठल्या कुठे गेल्या. "आमच्याकडे नुसती घोकंपट्टी चालते हो," तो गहिवरून म्हणाला आणि चवड्यांवर चालत जिना उतरला.

सासऱ्यांनी दार लावलं. "काय गं, सापडला का?"

"सापडला. चार अक्षरी होता मेला."

सून हसता हसता खालीच बसली. मग उठून तिने दाराची कडी नीट लागली आहे का ते पाहिलं. "बाबा, तुम्ही एवढे देवाला मानणारे आणि प्रार्थनेवरून धडधडीत खोटं बोललात? तुम्हालाही नेलं असतं."

"खोटं निरीक्षकाशी बोललो, देवाशी नाही." सासरे बायकोशेजारी खुर्ची ओढून बसले. "मागच्या सरकारने देवाचं नाव घ्यायलाच बंदी केली होती. तू लहान असशील तेव्हा. नाव घेतलं की तुरुंग. मी मात्र रोज आतल्या खोलीत प्रार्थना करायचो. तेव्हा दारात कोण उभं असायचं, असं वाटतं तुला?"