सोबतीला आलेली

माझं कंबरेचं दुखणं अख्ख्या नात्यागोत्यात ठाऊक आहे, कारण मीच ते घरोघर पोचवलंय. शेवटी डॉक्टरांनी मला संथ हालचालींच्या आणि श्वासाच्या व्यायामवर्गाला धाडलं. रोज माझी कंबर शेकून देणारी बायको सोबतीला आली.

"दुखणं खरंच असतं," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पण मेंदू त्याचा भोंगा वाजवत राहतो. तो आवाज हळूहळू कमी करायला शिकायचं."

भोंगा म्हटल्यावर बायको माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली. मी कण्हत सतरंजीवर बसलो. बाईंनी सहज तिलाही विचारलं, "तुमचं काही दुखतं का?"

 

"पाठ," ती म्हणाली. "यांची कंबर धरली त्याच्याही आधीपासून."