बारा अंशांवर

ठोकळा या खेपेला बारा अंशांवरच घसरला.

अंकितानं पाट पुन्हा जमिनीवर टेकवला आणि वहीतले आकडे मोठ्यानं वाचले. एकोणीस, सतरा, पंधरा, बारा. पाट तोच, ठोकळा तोच, एका बाजूनं पाट हळूहळू उचलायची रीतही तीच. ठोकळा ज्या कोनात घसरायला लागतो, त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षण गुणांक. इतकं सोपं. आणि उत्तर दरवेळी खालीच चाललेलं!

उद्या सकाळी साताऱ्याला बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल. गेल्या वर्षी बाळंतपणात ते राहिलं. यंदाही राहिलं, तर पुन्हा पुस्तक हातात घेणं होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा मानसिंग फौजेत. घरात सासूबाई रंगुबाई. त्या कधी 'शीक' म्हणाल्या नाहीत, 'नको'ही म्हणाल्या नाहीत. आताही सोप्यात शेजारीच बसून गुमान शेंगा फोडत होत्या. ते गुमान बसणंच अंकिताला लागायचं.

आत शंभूराज चौथ्यांदा रडला.

"जा, जा, लेकराला बघ," रंगुबाई घाईनं म्हणाल्या.

शंभूराज दोन थापट्यांत झोपला. अंकिता लगेच मागं फिरली, तर रंगुबाई पाटावर ओणव्या झालेल्या.

"आत्या? काय करताय?"

रंगुबाईंनी हात पदराआड घेतला. पदर पांढराफटक झाला.

"आगं, बाळाची पावडर हाय. तुला पाट लय वर उचलावा लागत हुता. मानसिंग कॅरमला लावायचा, तवा सोंगटी कशी सुळ्ळकन जायाची! म्हटलं, तू उठलीस की जरा जरा चोळावी. एकोनिसावरनं बारावर आनलाय की मी! आता पास हुशील न्हवं?"

अंकितानं पुन्हा वहीकडं पाहिलं. म्हणजे तिचा हात चुकत नव्हताच. चारही कोन खरे होते! ती इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं.

"आवं आत्या, त्याला घसरवायचं नसतंय. कवा घसरतोय, तेवढंच बघायचं असतंय."

रंगुबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या उठल्या. खुंटीवरची अंकिताची कॉलेजची पिशवी खाली घेतली आणि तिच्या पार तळातून कागदाची एक पुडी बाहेर काढली.

"मग ही उद्या न्यायची न्हाई व्हय?"