कणगीवरचा पंजा

साथीत पडलं तसं जग पुन्हा बंद पडलं तर कुणाच्या दारात उभं राहायची वेळ येऊ नये, असं गौरवची बायको ज्योत्स्ना म्हणायची. पिकवायचं, साठवायचं, आपलं आपण खायचं. पुढे त्याच साथीत दवाखान्यांची दारं ठोठावता ठोठावता ती गेली. गौरवने तळेगावचा फ्लॅट विकायला काढला आणि तो एकटाच मावळात जागा बघत फिरू लागला.

आजची सातवी जागा. विहिरीला बारमाही पाणी, भाताची खाचरं, सरपणाला मागे रान, असं त्याने वहीत टिपलं. घरात धान्य टिकेल का, एवढंच बघायचं राहिलं होतं.

जागेचे मालक धोंडिबाआबा गंजलेलं कुलूप ठोकून उघडत म्हणाले, "आठ वर्सं झाली, हितं कुनी ऱ्हात न्हाई."

कोपऱ्यात धान्य साठवायची छातीइतकी उंच कणगी होती. तिचं तोंड शेणामातीने लिंपलेलं होतं आणि त्यावर एका पंजाचा ठसा होता.

"आमच्यात कणगी भरली की नवराबायको दोगं पंजं उठवत्यात," आबा म्हणाले आणि थबकले. "पर आमी तर ही रिकामीच सोडलीती."

गौरवने कणगी वाजवून पाहिली. काठोकाठ भरलेली होती.

मग त्याने ठसा नीट पाहिला. करंगळी अर्धीच होती. ज्योत्स्नाची करंगळी कंपनीतल्या मशीनमध्ये अशीच अर्धी तुटली होती.

त्याने बोट लावलं. लिंपण ओलं होतं. ठशाच्या शेजारी, बरोबर एका पंजाएवढी जागा हात फिरवून गुळगुळीत करून ठेवली होती.