आडवा कागद

"काका, एकसष्ट नंबर मध्येच कसा आला?"

दीपमालाने जुनं रजिस्टर सांडूकाकांपुढे सरकवलं. गारखेड्यातल्या या धर्मादाय दवाखान्यात सोमवारपासून केसपेपर बंद होऊन सगळं कॉम्प्युटरवर जाणार होतं. त्यासाठी ती पुण्याहून आली होती. पेशंट आत आल्यापासून औषध घेऊन बाहेर पडेपर्यंत काय काय होतं, ते पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून तिने ओपीडीच्या भिंतीवर चिकटवलं होतं. खिडकी, वजन, डॉक्टर, तपासणी, औषध. मध्ये बाण. केसपेपरच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसलेल्या सांडूकाकांना निवृत्तीनंतर बोलावलं होतं ते एवढ्यासाठीच, की बाण बरोबर आहेत का ते सांगा.

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. डॉक्टरांच्या रजिस्टरात क्रम होता: एकोणचाळीस, चाळीस, एकसष्ट, एक्केचाळीस.

"रोज असे तीन-चार आहेत. चूक झाली होती का?"

"चूकच म्हणा." काका खालच्या आवाजात म्हणाले, "लांबची माणसं असायची. एकची बस गेली की सात वाजेपर्यंत स्टँडवर. त्यांचा कागद मी ट्रेमध्ये आडवा ठेवायचो. बाकीचे उभे. मोठे डॉक्टर आडवा आधी उचलायचे. यावर ते कधी बोलले नाहीत. मीही नाही."

लाकडी ट्रे त्यांच्या डोळ्यांपुढे आला. डॉक्टरांचा हात यायचा; मान वर न करता बोटं कडेवरून फिरायची आणि बाहेर आलेला कागद ओढून घ्यायची. डॉक्टरांना जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

"पण मग एक्केचाळीस नंबरवर अन्याय नाही का झाला?"

हा प्रश्न त्यांनी स्वतःला कितीदा विचारला होता. जेवताना, सायकलवरून मुकुंदवाडीला घरी जाताना.

"झाला असेल," ते म्हणाले. "तुमच्या चित्रात नका घेऊ ते."

ओपीडीत आज नव्या पद्धतीची चाचणी चालू होती. भिंतीवरच्या पडद्यावर तेवीस नंबर दिसत होता. खुलताबादच्या पलीकडून आलेल्या केसरबाई हातात सत्तेचाळीसची चिठ्ठी घेऊन काकांसमोर उभ्या राहिल्या.

"सांडूभाऊ, हायेत व्हय तुम्ही! बरं झालं बाई. माझा कागद आडवा ठेवा. एकची गाडी हाय."

काका गोरेमोरे झाले. "आडव्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? साऱ्या बाकड्याला ठावं हाय."

बाकावरून कडूबा हसला. त्याचं घर दवाखान्यामागेच होतं. "मी तर एकदा खुलताबादचा हाय म्हणून ठोकून दिलं होतं. यानं खिडकीतून वाकून माझी चप्पल बघितली. धूळच नाय! ठेवला कागद उभा."

"राग नाही आला तुम्हाला?" दीपमालाने विचारलं.

"लई आला. पण बरोबर होतं ना ते."

सांडूकाकांनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

तेवढ्यात पडद्यावर चोवीस लागला. कडूबाचा नंबर. त्याने हातातली चिठ्ठी केसरबाईंना दिली. "जा बाई तुम्ही आधी. मला कुठं गाडी पकडायचीय?"

"अहो, थांबा!" दीपमाला धावली. "चिठ्ठ्या बदलू नका. आत डॉक्टरांना तुमचंच नाव दिसणार. यांची औषधं तुमच्या नावावर जातील."

"मंग तुमच्या त्या डब्याला सांगा की, कागद आडवा ठेव म्हणून."

सगळं बाकडं हसलं. दीपमाला हसली नाही. केसरबाई दोन्ही चिठ्ठ्या धरून घड्याळाकडे बघत होत्या. बारा वाजून दहा मिनिटं.

"काका, कसं ओळखायचात कोण लांबचं ते?"

"विचारायचो. घरी कसं जाणार? एवढंच. आणि चपला बघायचो."

"चपला बघणं नाही जमायचं या डब्याला," ती म्हणाली. "पण विचारायला लावते."

ती कॉम्प्युटरपुढे बसली. तातडीच्या पेशंटसाठी ठेवलेल्या सोयीतून तिने केसरबाईंचं नाव पुढे घेतलं. कडूबानंतर लगेच पडद्यावर सत्तेचाळीस लागला. मग तिने एक नवी पिवळी चिठ्ठी लिहून खिडकी आणि डॉक्टर यांच्या मधोमध चिकटवली: 'घरी कसं जाणार?'

दुपारी तिने बदललेल्या आराखड्याचा कागद काढला. "यावर करुणा मॅडमची सही हवी. आजच. नाहीतर सोमवारी ही पायरी सोडून बाकीचं सुरू होईल. आणि त्यांच्या टेबलावर हा एवढा गठ्ठा आहे. माझी तर चारची बस आहे, काका."

"द्या," काका म्हणाले. "मी ठेवून येतो."

करुणा मॅडम आता दवाखान्याच्या प्रमुख होत्या. पहिली दोन वर्षं त्या मोठ्या डॉक्टरांच्या शेजारच्या स्टुलावर बसून शिकल्या होत्या. काका आत गेले तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून फोनवर बोलत होत्या. त्यांनी कागद गठ्ठ्यावर आडवा ठेवला आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

बोलता बोलता मॅडमचा हात मागे टेबलाकडे आला. बोटं गठ्ठ्याच्या कडेवरून फिरली, एका जागी थांबली, आणि आडवा कागद ओढून घेऊन त्यांनी पेनाचं टोपण काढलं.