घर कडेला नको

“घर कडेला नको,” म्हणत बाईंनी हाही आराखडा परत सरकवला.

आर्किटेक्टनं कपाळाला हात लावायचं तेवढं बाकी ठेवलं. तसा तो नावाजलेला माणूस. बडीबडी मंडळी त्याची तारीख मिळावी म्हणून थांबायची. पण शाळेत याच बाईंच्या हातच्या छड्या खाल्लेल्या, त्यामुळे त्यांच्यापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आराखड्यात काही खोट नव्हती. एका कोपऱ्यात दुमजली, काचेच्या भिंतींचं सुटसुटीत घर आणि बाकी सगळी बाग मोकळी. दुसरं कुणीही खूश झालं असतं.

“बाई, कडेला घेतलं तरच बाग अख्खी राहील.”

“राहील? परत विचार कर.”

बाग बाईंच्या यजमानांनी लावलेली. ते गेले. पुढे घराच्या भिंतींना तडे गेले, म्हणून तेही पाडलं. आता नवीन घर बांधून झालं की दोन्ही मुलं बायकापोरांना घेऊन इथंच राहायला येणार होती. बाईंची अट एकच होती. बाग अख्खी राहिली पाहिजे, मग काय वाट्टेल ते होवो. आईचा जीव झाडांत अडकलाय, असं मुलं म्हणायची. आर्किटेक्टलाही तसंच वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई चुन्याची फक्की घेऊन स्वतःच बागेत उतरल्या आणि वाकून जमिनीवर खोल्या आखू लागल्या. गुडघे कुरकुरत होते, पण ऐकतो कोण. स्वयंपाकघर बरोब्बर मधे, अंजिराला लागून. थोरल्याची झोपायची खोली पूर्वेला, पण त्याची कामाची खोली पार पश्चिमेला, डाळिंबांपाशी. धाकट्याचं सगळं नेमकं उलट. चाफ्याला वळसा घालून जेवणघर. आणि या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, झाडं चुकवत जाणारा काचेचा बोळ.

“बाई, हे घर आहे की लपंडाव?”

“काढून तर बघ. एकही फांदी तोडायची नाही.”

तो चडफडत कामाला बसला आणि बघता बघता त्यातच रमला. कुठं फांदीसाठी छपराला खाच ठेवली, कुठं मुळांवरून जमीन उचलून घेतली. प्रत्येक खिडकीत एक तरी झाड आलं. खरं सांगायचं तर इतकं सुंदर घर त्यानं आजवर कुणासाठीच काढलं नव्हतं. त्याला बाईंचा अभिमान वाटला, आणि थोडा स्वतःचाही.

रविवारी बाईंबरोबर मुलं आर्किटेक्टच्या ऑफिसात आली. टेबलावर आराखडा पसरला, तशी थोरल्याच्या कपाळावर आठी चढली.

“आई, मी झोपायचं एका टोकाला आणि काम करायचं दुसऱ्या टोकाला? रोज याच्या दारावरून जायचं?”

“दादा बरोबर बोलतोय,” धाकटा म्हणाला. या दोघांचं कशावर एकमत झाल्याला जमाना लोटला होता. “घर कडेलाच घेऊ या ना. पुढेमागे सोयीचं पडेल.”

“कसली सोय?”

थोरला खिडकीबाहेर बघायला लागला. धाकट्यानं पाण्याचा पेला उचलला, तो रिकामाच होता. आर्किटेक्ट आळीपाळीनं तिघांकडं बघत राहिला.

बाईंनी पेन्सिल त्याच्या हातात दिली. “एक रेघ ओढ. घराचे नि बागेचे दोन सारखे भाग करून दाखव.”

त्यानं पट्टी उभी ठेवली. रेघ थेट चुलीवरून गेली. तिरकी ठेवली, तर चाफा उभा चिरला आणि जेवणघराची दोन शकलं झाली. पट्टी सोडून त्यानं हातानंच वळणं घेत बघितलं. थोरल्याचा पलंग याच्याकडं, तर टेबल त्याच्याकडं. पुसलं, पुन्हा ओढलं, पुन्हा पुसलं. आता भाऊही कोपरं टेकून कागदावर वाकले होते, बोटांनी वाटा शोधत होते. एकही वाट पार होईना.

आर्किटेक्टनं पेन्सिल खाली ठेवली.

“होत नाहीत, बाई.”

“मग हाच पक्का कर.”