फाटकावरची कुंडी

लोकशाहीच्या मंदिरात खोटं बोलता येत नाही, असं प्रल्हाद मास्तरांचं ठाम मत होतं. तिथे पाणीही नेता येत नाही, हे त्यांना फाटकावर कळलं.

“बाटली आत जाणार नाही,” कॉन्स्टेबल मुलगी म्हणाली.

वटारकडच्या एका आळीतून मिनीबस करून आलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. प्रत्येकाच्या हातात आपापल्या विहिरीच्या पाण्याची बाटली होती. खाडीच्या बांधाची उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं दार, केव्हाच मोडलं होतं आणि तेव्हापासून समुद्र विहिरीत उतरत होता. आज आमदारांनी त्यावर प्रश्न लावला होता. मास्तरांनी सगळ्यांचे पास मिळवले होते आणि पुरावा जवळ असावा म्हणून बाटल्याही भरायला लावल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. ते निवृत्त झाले, विषय मात्र सुटला नव्हता.

रोझलीनचं प्रकरण इतरांहून नाजूक होतं. तिच्या वाडीतल्या केळी करपत चालल्या होत्या. वालीवच्या कारखान्यात कामाला जाणारा तिचा मुलगा रॉबर्ट वाडी बिल्डरला देऊन टाकू म्हणत होता. बरीच रडारड झाल्यावर त्याने एक अट घातली. पाणी खारं आहे हे सरकारने सभागृहात कबूल केलं, तर उघाडी दुरुस्त होईल आणि वाडी राहील. नाहीतर सही.

“साधं पानीच आहे गो बाय,” रोझलीन म्हणाली.

“मग एक घोट पिऊन दाखवा, मावशी, आणि जा आत.”

“पिता आलं असतं तर इथवर कशाला आनलं असतं?”

मुलीला हे उत्तर संशयास्पद वाटलं. तिने बाटली हुंगली, झाकणात थोडं पाणी ओतून जिभेला लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग एकेक करून सगळ्या बाटल्या बाजूच्या कुंडीत उपड्या केल्या. कुंडीत शोभेचा पाम होता. त्या आवारात त्या दिवशी पाण्याची जी काही तपासणी झाली, ती एवढीच.

रोझलीनने याच शहरात उभा जन्म पालेभाजी विकली होती. ते राजधानीही आहे, हे बघायची पाळी आज आली. आत संगमरवरी जिने होते, नक्षीची दारं होती, आणि झुंबर इतकं थोरलं की सगळे आपोआप कडेकडेने चालू लागले. मास्तरांनी दाराशी चपला काढल्या. शिपायाने त्या परत घालायला लावल्या. प्रेक्षकांच्या सज्जात नियम सांगण्यात आले. बोलायचं नाही, हसायचं नाही, कठड्यावर रेलायचं नाही. रोझलीनला ते जड गेलं नाही. चर्चमध्ये ती लहानपणापासून अशीच बसत आली होती. फक्त तिथे मधूनमधून उभं राहायला मिळतं.

त्यांचा प्रश्न आला. विहिरींचं पाणी खारं झालं आहे, हे खरे आहे काय? मंत्र्यांनी कागद पाहिला.

“हे खरे नाही.”

असल्यास, त्यावर कोणते उपाय केले?

“प्रश्न उद्भवत नाही.”

मग ग्लासवरचं झाकण काढून मंत्री घोटभर पाणी प्यायले आणि पुढचा प्रश्न पुकारला गेला. रोझलीन अर्धी उठली. शिपायाने नुसतं बोट खाली केलं. ती बसली. शेजारी मास्तरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या विहिरीबद्दल शंका दिसली.

बाहेर पडताना कॉन्स्टेबल मुलीने विचारलं, काय झालं मावशी तुमच्या पाण्याचं?

“गोड आहे म्हनाले.”

मुलीने नकळत ओठांवरून जीभ फिरवली.

आमदारांचे सहायक निरोप द्यायला फाटकापर्यंत आले होते. हातात काही ठोस असतं, तर साहेबांनी मंत्र्यांना तिथेच अडवलं असतं, असं ते हळहळले. रोझलीनने वाकून कुंडीतल्या मातीला बोट लावलं. माती अजून ओली होती. खारं पाणी प्यालेलं झाड आधी पानाच्या कडेला करपतं आणि मग थेट बुंध्यापर्यंत जातं, हे तिने घरी रोज पाहिलं होतं. हाच आमचा पुरावा, ती म्हणाली, पावसाळी अधिवेशनाला येऊन बघा. सहायकांनी तत्काळ कबूल केलं. कबूल करायला काही लागत नव्हतं. रॉबर्टकडूनही तिने तेवढीच मुदत मागून घेतली. वाडीचा जो निकाल मंत्र्यांनी लावायचा, तो आता एका कुंडीवर येऊन ठेपला, एवढंच तो म्हणाला.

जुलैत ते परत आले. या खेपेला रॉबर्ट रजा टाकून सोबत होता. सहायक शब्दाला जागून बाहेर आले. रोझलीन गुडघ्यांमुळे रांगेत मागे पडली होती. ती पोहोचेपर्यंत पुढच्यांचं बघून झालं होतं. पाम हिरवागार होता, तुकतुकीत, कडेला कुठे डाग म्हणून नाही. सहायकांनी हात वर केले आणि त्यांना आत काम निघालं. मास्तरांना आनंद लपवता येईना. तुमचं-आमचं तोंडच आलं असणार, रोझलीनबाई, ते म्हणाले, बाकी पाणी ठीक आहे.

“चल आय,” रॉबर्ट म्हणाला. “उद्या सही करून टाकू.” आणि तो बसकडे वळला.

रोझलीन एकटीच कुंडीपाशी उभी राहिली. वाडीतल्या सवयीने तिने एक पान चिमटीत धरून उलटं केलं.

पान प्लास्टिकचं होतं.