चौदा किलो

डॉक्टरांनी दोन बोटांनी दाबलं आणि घोडीची पाठ बशीसारखी खाली गेली. थोडं मागे सरकून त्यांनी पुन्हा दाबलं. घोडीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पाय आपटला. तबेल्याच्या दाराशी हेल्मेट काखेत धरून उभ्या असलेल्या साहेबांनी नजर खाली घातली.

“वजन जास्त होतंय हिला,” जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

“शक्यच नाही,” मॅडम म्हणाल्या. रायडिंग स्कूल त्यांचंच होतं आणि शिकवायच्याही त्याच. “पंच्याहत्तर किलोच्या वरच्या कुणालाही मी हिच्यावर बसवत नाही.”

“मग वय झालं म्हणायचं. काही कारण नसताना पाठ धरायला लागली की शिकवणीचं काम संपलं.” डॉक्टर हात पुसत निघून गेले.

मॅडम घोडीच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “नुसती उभी करायला माझ्याकडे जागा नाही हो, साहेब. विकावीच लागेल.”

साहेब वजनमापं खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी ‘साहेब’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, मापात पाप करणाऱ्यांना घाम फोडला. आणि बासष्टाव्या वर्षी त्यांना घोड्यावर बसायचं खूळ लागलं. “आधी दोन जिने न थांबता चढून दाखवा,” बायको म्हणाली आणि मग तिनंच त्यांची विजार कमरेत उसवून सैल करून दिली.

उतारवयात नव्यानं शिकणाऱ्याला घोडा मिळणं सोपं नसतं. बुटके घोडे मुलांचे, तेज घोडे शिकलेल्यांचे. उरले दोन. एकाचं नाव डोंगर आणि ते त्याला शोभायचं. उंच, रुंद आणि दुडक्या चालीला लागला की वरच्याची हाडं खिळखिळी करणारा. दुसरी ही घोडी. कुणी चढत असलं की जागची हलायची नाही. वरच्याचा तोल गेला की आपणहून थांबायची. पहिल्या दिवशी साहेबांना डोंगरवर बसवलं. जमीन इतकी खाली दिसली की त्यांनी दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरलं. नंतर फॉर्म भरताना वजनाच्या रकान्याशी पेन अडलं. खरं वजन शहाऐंशी. साहेबांनी बहात्तर लिहिलं आणि त्यांना घोडी मिळाली. महिन्याभरात उतरवू की, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. महिन्याचे पाच महिने झाले. गोड काही सुटलं नाही.

त्याच आठवड्यात एक टेलरबाई आल्या होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी ‘सत्तर’ असं मोठ्यानं म्हणत फॉर्म भरला. त्या सत्तरच्याच होत्या. पोत्याकडे नुसतं पाहून किलो सांगणाऱ्या साहेबांना ते तेव्हाच कळलं होतं. तरीही मॅडमनी त्यांना डोंगर दिला. असं का, ते साहेबांना समजलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. विचारलं असतं तर घोडीचे तास दोघांत वाटले गेले असते. टेलरबाई दुसऱ्याच दिवशी पडल्या, मनगट धरून घरी गेल्या. परत काही आल्या नाहीत.

हे सगळं साहेबांनी पाच महिने कसंबसं गिळलं होतं. आता गिळवेना. घोडीनं त्यांचं खोटं पाठीवर वाहिलं आणि घर तिचंच सुटणार होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. मॅडमसमोर तोंड उघडायची त्याहून जास्त भीती वाटली.

“मॅडम, जरा इकडे येता?”

चाऱ्याच्या खोलीत पोती तोलायचा मोठा काटा होता. साहेबांनी त्याच्यावरचं कोंड्याचं पोतं ओढून खाली उतरवलं, बूट काढले आणि वर उभे राहिले. काटा शहाऐंशीवर जाऊन थांबला.

“पहिल्या दिवसापासून एवढंच आहे,” ते म्हणाले. “मी फॉर्मवर खोटं लिहिलं. घोडी म्हातारी झालेली नाही. तिला विकू नका.”

मॅडमनी वाकून आकडा पाहिला. मग त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. दोन महिने पाठीवर काही ठेवू नका, भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले. फोन ठेवून त्या कोंड्याच्या पोत्यावर बसल्या.

“बोला ना काहीतरी,” साहेब म्हणाले. ते अजून काट्यावरच उभे होते. “हवं तर उद्यापासून येऊ नका म्हणा.”

“वजन सगळेच कमी लिहितात, साहेब. पंधरा वर्षं बघतेय. काट्यावर उभं राहा म्हटलं तर लोक लाजतात, परत येतच नाहीत. म्हणून मी प्रत्येकाच्या आकड्यात आठ मिळवते आणि मग घोडा ठरवते.”

सगळेच लिहितात, हे ऐकून साहेबांना क्षणभर बरं वाटलं. मग सवयीनं त्यांनी बेरीज केली. बहात्तर आणि आठ, ऐंशी.

“मग मला ही घोडी कशी दिलीत?”

“टेलरबाईंच्या सत्तरातही मिळवले होते. बिचाऱ्या सांगत राहिल्या, खरंच सत्तर आहे म्हणून. मी ऐकलं नाही,” मॅडम हळूच म्हणाल्या. “एवढ्या वर्षांत फक्त तुमच्या आकड्यात मिळवले नाहीत. म्हटलं, ज्यानं जन्मभर लोकांची वजनं तपासली, तो स्वतःचं कशाला खोटं लिहील?”